अडतिसाव्या प्रश्नाचे नईम सर

नईम सरांवर अन्याय झाला. कधी, तर गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी. कुठं, तर पुंडलिकनगरातल्या एका क्लासच्या दुसऱ्या मजल्यावर, बारावीच्या 'स्टार' बॅचसमोर. त्या वेळी सरांच्या उजव्या हातात खडू होता, डाव्या हातात चहाचा स्टीलचा पेला होता, आणि चहात थर्मामीटर होता.

थर्मामीटरचं आधी सांगून टाकते, नाहीतर पुढं अन्याय वाचताना तुमचं लक्ष तिकडंच राहील.

बाकीचे मास्तर शर्टाच्या खिशाला पेन लावतात, नईम सर प्रयोगशाळेतला लांब काचेचा थर्मामीटर लावतात. चहा आला की तो आत जातो. अठ्ठावन्न अंशाला सर पहिला घोट घेतात. साठला घेत नाहीत, कारण जीभ भाजते. पंचावन्नला घेत नाहीत, कारण त्यांच्या मते तो चहा नसून शरबत असतो. क्लासच्या खाली चहाची टपरी आहे. तिथला चहावाला रोज विचारतो, "सर, चहाला ताप हाय का?" सर रोज गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "व्हय. उतरायलाय, काळजी नको." हा विनोद मी स्वतः दोन वर्षं रोज ऐकला आणि दोघं रोज नव्यानं हसत.

मी सरांची विद्यार्थिनी. आता विद्यार्थ्यांच्या एका छोट्या संघटनेत काम करते आणि पत्रकं लिहिते. क्लासचं नाव इथं लिहिणार होते, पण आमच्यातली एक मैत्रीण वकिली शिकते. तिनं हात जोडले, म्हणून लिहीत नाही. मालकाला सगळे 'डायरेक्टर साहेब' म्हणतात. मे महिन्यात, आपल्या गावच्या मे महिन्यात, कोट घालून फिरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तेच ते.

तर नईम सर. साठीला टेकलेले, उंच, वाकलेले, केसांना मेंदी. मूळ पैठणचे. बोलणं अर्धं मराठवाडी, अर्धं दखनी, आणि रागावले की शुद्ध पुस्तकी मराठी. सर पुस्तकी बोलायला लागले की मागच्या बाकावरची पोरं सरळ बसत. तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, पण खरं सांगायचं तर एकच गोष्ट शिकवली. दोन पदार्थ एकत्र येतात, त्यांच्यात काही घडतं, उष्णता बाहेर पडते. किती पडते? तर दोघांपैकी जो आधी संपतो, तो ठरवतो. तो संपला की खेळ खलास. दुसरा ढीगभर उरला तरी नुसता बसून राहतो. पुस्तकात त्याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात आणि उष्णतेच्या हिशोबाला एन्थॅल्पी म्हणतात. सर एवढंच म्हणत, "आधी कोण संपतंय?"

हे शिकवायला त्यांचं एक ठरलेलं गणित होतं. नान-खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्शाचं.

"एका माणसाला काय लागतंय? दोन नान, एक वाटी खलिया. मांडा. आता माझ्याकडं नान हायत दहा, खलिया हाय आठ वाट्या. किती माणसं जेवली?"

"आठ!" पहिल्या बाकावरून कुणीतरी ओरडायचंच. दर वर्षी.

"आठ कशी रे? दहापेक्षा आठ कमी, म्हणून आठ? नान वाट बरं. दोन, दोन, दोन, दोन, दोन. संपले. पाच जण जेवले. बाकीचे तिघं काय करायलेत? वाटीत तोंड बघायलेत! कमी कोण हाय ते विचारलं नाय मी. आधी कोण संपतंय ते विचारलं. ह्यात फरक हाय बाबा."

मग उष्णता. एक माणूस पोटभर जेवला की एक ढेकर. ढेकर म्हणजे बाहेर पडलेली उष्णता. पाच माणसं, पाच ढेकर. "जो आठ ढेकर लिहील त्याला शून्य." वर्गात जैन पोरगी असली तर सर खलियाच्या जागी आमरस घालायचे आणि नानच्या जागी पुरी, आणि तिच्याकडं बघून म्हणायचे, "मोल तेवढेच हायत बेटा, घाबरू नक्को." हे सगळं सकाळी सात वाजता, उपाशीपोटी. तास संपला की अख्खी बॅच जिन्यावरून खालच्या टपरीवर कोसळायची.

आणि उत्तरासमोर एकक नसेल तर मेलात. "दोनशे शहाऐंशी काय? शेळ्या?" किलोजूल लिहायचं, त्याच्याभोवती चौकोन करायचा. उष्णता बाहेर पडली तर आधी मायनसची खूण. मायनस विसरणाऱ्याला ते उभं करत आणि अतिशय मायेनं म्हणत, "मायनस म्हणजे वाईट नसतंय बेटा. मायनस म्हणजे आपल्यातलं दुसऱ्याला दिलं."

वर्गात हे ठीक होतं. पण सरांनी वर्गाबाहेरही कुणाला सोडलं नाही. त्यांच्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं ते मी सांगत नाही, या शहरात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही आणि बाहेरच्याला खरं वाटणार नाही. शेजारच्या देशमुख काकांनी मोठ्या हौसेनं गच्चीवर दुसरी टाकी बसवली. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. सरांनी पेढा खाल्ला आणि वर बघत विचारलं, "पहिली कधी भरली होती?"

"नाही भरत हो सर. पाणी पाऊण तास तर येतं."

"मग टाकी कुठं संपायलीय देशमुख? पाणी संपायलंय. टाकी तर उरायलीय. अजून एक उरवून ठेवली तुम्ही."

देशमुख काका महिनाभर बोलले नाहीत. काकू मात्र बोलल्या. काकूंनी हेच वाक्य काकांना महिनाभर ऐकवलं.

मलाही सोडलं नाही. मी लिहिलेलं प्रत्येक पत्रक सरांकडं जातं, आणि तपासून परत येतं. माझं पहिलं पत्रक वसतिगृहाच्या पाण्याबद्दल होतं. 'हजारो विद्यार्थी संतप्त' असं मी लिहिलं होतं. सरांनी लाल पेनानं 'हजारो'खाली रेघ मारून लिहिलं, 'मोजले?' खाली 'तीव्र निषेध' होता. त्याच्यापुढं लिहिलं, 'एकक?'

"सर, निषेधाला एकक नसतं."

"मग तीव्र हाय का मंद, ते तुला कसं कळलं?"

त्या पाण्यासाठी काढलेल्या मोर्चाला सर आले होते. लांब, लिंबाच्या झाडाखाली, पेला घेऊन उभे. आमच्याकडं चौदा फलक होते, दोन भोंगे होते, छापील घोषणांचा गठ्ठा होता. माणसं बारा. संपल्यावर मी घसा बसलेल्या आवाजात विचारलं, "कसं झालं?"

"काय पत्रकवाले, आज कोण मुर्दाबाद होतं?" सर म्हणाले. "चांगलं झालं. पण घोषणा लई उरल्या गं. बारा माणसांची जेवढी गर्मी, तेवढीच निघाली. पुढच्या बारीला कागद कमी छाप, आणि घरोघर जाऊन माणसं आण."

मला राग आला होता. पण पुढच्या वेळी आम्ही घरोघर गेलो, हेही इथं लिहायला हवं.

आता तो सोमवार.

दिवाळीआधी क्लासनं मोठी सराव परीक्षा घेतली. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीच्या उत्तराला एक मार्क कापायचा. त्यावरून कोण 'स्टार' बॅचमध्ये राहणार आणि कोण 'बी' बॅचमध्ये जाणार ते ठरणार. सुट्टीतच निकाल लागला. पहिल्या दहा जणांचे फोटो लावलेला, अर्धी इमारत झाकणारा फ्लेक्स चौकात चढला. त्यात मधोमध कोटातले डायरेक्टर साहेब, परीक्षा त्यांनीच दिल्यासारखे.

अडतिसावा प्रश्न असा होता. चार ग्राम हायड्रोजन आणि सोळा ग्राम ऑक्सिजन. पेटवले, पाणी झालं. एक मोल पाणी तयार होताना दोनशे शहाऐंशी किलोजूल उष्णता बाहेर पडते. तर एकूण किती पडली?

क्लासच्या उत्तरसूचीत छापलं होतं, पाचशे बहात्तर.

वाचक, तुम्हाला केमिस्ट्री येत नसेल तरी घाबरू नका, नान-खलिया आठवा. हायड्रोजन चारच ग्राम आहे, म्हणून तो कमी वाटतो. पण हायड्रोजन हलका. चार ग्राम म्हणजे दोन मोल, आणि मोल म्हणजे केमिस्ट्रीतली मोजायची वाटी. ऑक्सिजन जड. सोळा ग्राम म्हणजे जेमतेम अर्धा मोल. एका मोल ऑक्सिजनला दोन मोल हायड्रोजन लागतो, म्हणजे अर्ध्या मोलाला एकच पुरतो. ऑक्सिजन आधी संपला. एक मोल पाणी झालं. उत्तर दोनशे शहाऐंशी. उरलेला हायड्रोजन वाटीत तोंड बघतोय. ज्यानं सूची काढली त्यानं नुसते ग्राम बघितले, चाराला सोळापेक्षा कमी म्हटलं आणि सगळा हायड्रोजन जाळून टाकला.

म्हणजे ज्या पोरांनी बरोबर सोडवलं त्यांचे चार गेले, वर एक कापला. पाच मार्कांनी बॅच बदलते. बॅच बदलली की घरी काय होतं, ते ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

सोमवारी सकाळी सर स्टार बॅचवर आले, पेला टेबलावर ठेवला नाही, हातातच ठेवला, आणि फळ्यावर अडतिसावा प्रश्न मांडला. शेवटी लिहिलं, मायनस दोनशे शहाऐंशी किलोजूल. चौकोन केला.

"सर, उत्तरसूचीत पाचशे बहात्तर आहे," एक पोरगी म्हणाली.

"सूची चुकली आहे," सर म्हणाले. पुस्तकी मराठीत. मागचे बाक सरळ बसले.

सरांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चूक'. त्याच्यापुढं दोन टिंबं दिली. आणखी काही लिहायला खडू टेकवला, तेवढ्यात डायरेक्टर साहेब दारात. त्यांच्या खोलीत बसून त्यांना प्रत्येक वर्ग टीव्हीवर दिसतो.

"सर, जरा खाली येता?"

"लिहितो आणि येतो."

"आत्ता या."

"एक शब्द राहिलाय साहेब."

डायरेक्टर साहेबांनी पुढं होऊन सरांच्या हातातला खडू काढून घेतला. साठ वर्षांच्या मास्तरच्या हातातला खडू, साठ-सत्तर पोरांसमोर. मी हे दोनदा लिहिते, कारण मला ते दोनदा ऐकावं लागलं तेव्हा कुठं खरं वाटलं.

संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला. 'नईम सर तब्येतीच्या कारणास्तव विश्रांती घेत आहेत.' सरांची तब्येत उत्तम होती. त्याच संध्याकाळी ते टपरीवर अठ्ठावन्न अंशाचा चहा पीत होते.

मला ही बातमी वर्गात सूचीचं बोललेल्या त्याच पोरीनं फोनवर दिली. मी दोन दिवसांत पत्रक लिहिलं. आजवर लिहिलेल्यांत सगळ्यांत भारी. 'उत्तर चोरांनो, उत्तर द्या!' हे शीर्षक. खाली ठळक अक्षरात तीन सवाल. ही चुकीची उत्तरसूची कुणी काढली? त्याची पात्रता काय? गुन्हेगाराला पाठीशी का घातलं जातंय? दोन हजार प्रती छापल्या आणि गठ्ठा स्कूटीवर घालून सरांच्या घरी गेले. दाद घ्यायला, खोटं कशाला बोलू.

सर जमिनीवर बसले होते. चहूबाजूंनी रफ कागदांचे गठ्ठे. ही त्यांची आणखी एक खोड. परीक्षा झाली की पोरांनी आकडेमोड केलेले कागद क्लास रद्दीत टाकतो. सर ते घरी आणतात आणि वाचतात. लोक मासिकं वाचतात तसे. "उत्तर कुणाचं बघून बी लिहिता येतं," ते म्हणतात, "रफमधी पोरगं खरं दिसतंय."

मी पत्रक पुढं केलं. सरांनी चष्मा लावला, लाल पेन उघडलं. 'उत्तर चोरांनो' वर प्रश्नचिन्ह टाकलं. एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला. मग पहिल्या सवालावर आले. 'ही चुकीची उत्तरसूची कुणी काढली?'

आणि सरांनी त्या सवालासमोर, पेपरात गाळलेली जागा भरतात तसं, नीट अक्षरात लिहिलं: 'मी.'

"सर?"

दुसऱ्या सवालासमोर, 'त्याची पात्रता काय?', लिहिलं: 'एम. एस्सी., अनुभव तीस वर्षं.' आणि कागद माझ्याकडं दिला.

"फळ्यावर तेच लिहीत होतो गं. चूक, आणि पुढं माझं नाव. तेवढंच राहिलं."

मी दोन हजार पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसले. दुसरं काही बसायला नव्हतंच.

डायरेक्टर साहेबांना सूची कुणी काढली ते माहीत होतं. त्यांचं म्हणणं इतकंच होतं की चूक झाली असेल, होते, पण बोलायचं कशाला? फ्लेक्स लागलाय. फ्लेक्सवरच्या दोघांनी पाचशे बहात्तर लिहिलंय. आता त्यांच्या आईबापांना काय सांगायचं? रफ कागद वाचताना चूक दिसली तसं सरांनी सुट्टीतच दोनदा जाऊन त्यांना विनवलं होतं. दोन्ही वेळा चहा मिळाला. शेवटी सर म्हणाले, मग मी वर्गात सांगतो.

म्हणजे माझा राग चुकीच्या पत्त्यावर गेला होता? अजिबात नाही. तो वाढला. या गावात दुसऱ्याची चूक दाखवणाऱ्याला हाकलतात हे मला ठाऊक होतं. स्वतःची चूक कबूल करणाऱ्यालाही हाकलतात, हे नवीन होतं.

पण एक गोष्ट कळेना. ज्या माणसानं तीस वर्षं दुसरं काही शिकवलं नाही, त्यानं ग्राम कसे बघितले?

"सर, तुम्ही? आधी कोण संपतंय हे तुम्ही विसरलात?"

सर बराच वेळ कागद जुळवत बसले. मग म्हणाले, "सूची रविवारी काढली. रविवारी शबानाचा फोन येतो."

शबाना त्यांची मुलगी. मस्कतला असते, नवरा तिकडं नोकरीला. सरांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली, घरात ते एकटेच. शबाना दर रविवारी फोन करते. पाच मिनिटं, सात मिनिटं. तब्येत, पाणी आलं का, औषध घेतलं का, ठेवते अब्बा.

"त्या रविवारी ती पाऊण तास बोलली," सर म्हणाले. "का कुणाला ठाऊक. लहानपणचं बोलत बसली. पैठणला नदीवर जायचो, ते. सूची त्याच दिवशी द्यायची होती, क्लासचा माणूस खाली येऊन थांबलेला. तिला म्हणायचं होतं, बेटा काम हाय, मग करतो. पण म्हटलं, आपण ठेवला तर पुढल्या रविवारी परत पाचच मिनिटं. तर एका कानाला फोन, आणि एका हातानं सूची. अडतिसाव्याला ती हसायली होती. मी बी हसायलो होतो."

एवढं बोलून त्यांनी पेल्यातला थर्मामीटर काढून पुसला. चहा केव्हाच गार झाला होता.

"हे छापू नक्को," ते म्हणाले. "तिला वाईट वाटंल. परत फोन करताना घड्याळ बघंल."

तर तुम्ही विचाराल, मग हे इथं कसं? हा मजकूर मी सरांना पूर्ण वाचून दाखवला आहे. डायरेक्टर साहेबांबद्दलचे माझे दोन शब्द त्यांनी खोडले, फार चांगले शब्द होते. शबानाचा परिच्छेद मी स्वतःच काढत होते. ते म्हणाले, "राहू दे. नायतर लोकांला वाटंल सूची छापखान्यात बिघडली. ज्याची चूक त्याच्या नावावर पायजे. शबानाला मीच सांगतो रविवारी."

ती पत्रकं मी वाटली नाहीत. सरांनी त्यांच्या कोऱ्या मागच्या बाजू वापरायला घेतल्या, आणि पहिल्याच कागदावर एकोणीस नावं लिहिली.

ही एकोणीस नावं म्हणजे ज्यांच्या रफ कागदावर दोनशे शहाऐंशी होतं ती पोरं. सरांनी सगळे गठ्ठे उपसून शोधली. क्लासनं पत्ते द्यायला नकार दिला. मग सर एकेकाला विचारत, टपऱ्यांवर, बस थांब्यांवर, मेसमध्ये, स्वतः निघाले. प्रत्येकाच्या घरी जायचं, आणि आईबापांसमोर सांगायचं की तुमच्या लेकराचं उत्तर बरोबर होतं, चूक मास्तरची होती. बस. परत यायचं.

काही ठिकाणी मी सोबत होते. पहिल्या घरी आईनं दार उघडलं, सरांना बघितलं आणि म्हणाली, "नको हो, आम्ही दुसरा क्लास लावलाय." तिला वाटलं जाहिरात करायला आलेत. दुसऱ्या घरी आजीबाईंनी पोहे दिले, सरांनी गडबडीत पोह्यात थर्मामीटर घातला, आजीबाईंनी सुनेला हाक मारली, "अगं बघ, पोह्याला डॉक्टर आलेत."

रोहन नावाचा एक पोरगा सापडतच नव्हता. त्यानं सायन्स सोडलं होतं आणि तो पोलीस भरतीची तयारी करत होता. कुणीतरी सांगितलं, पहाटे मैदानावर पळतो. सर मैदानावर गेले. पोरं घोळक्यानं पळत होती, त्यात रोहन. सर त्याच्या मागं धावले. साठीचा माणूस, पायात चपला, खिशातला थर्मामीटर एका हातानं धरलेला.

"ए रोहन! थांब रे! दोनशे शहाऐंशी! बरोबर होतं!"

पोरांना वाटलं सर धावायची वेळ सेकंदांत सांगतायत. सगळी आणखी जोरात पळाली. शेवटी अख्खी फेरी मारून ती स्वतःच सरांपाशी आली, कारण मैदान गोल होतं.

रोहननं ऐकून घेतलं, गुडघ्यांवर हात टेकून, धापा टाकत. "सर, ते सोडलं मी कवाच. आता काय त्याचं?"

"तरी बरोबर होतं."

"म्हंजे मला 'बी' बॅचला टाकलं ते..."

"माझी चूक. तुझी नाय."

तो सरळ उभा राहिला. म्हणाला, "हे माझ्या पप्पांना सांगाल का? मी सांगितलं होतं त्यांना, पण त्यांनी..." सर त्याच पावली, चपला हातात घेऊन, त्याच्या घरी गेले. वडिलांना काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी बाहेर थांबले होते. बाहेर आल्यावर सर एवढंच म्हणाले, "अठरा."

एकोणिसावी सापडली नाही.

तिच्या रफ कागदावर फक्त 'आरती' आहे. आडनाव नाही. डावखुरी असावी, कारण अक्षरं उजवीकडं पुसली गेलीत. प्रत्येक उत्तराभोवती तिनं चौकोन केलाय, आकडेमोडीच्या कागदावरसुद्धा, जिथं कुणी बघत नाही. तिचा अडतिसावा स्टार बॅचमधल्या सगळ्यांत स्वच्छ सोडवलेला आहे. आधी तिनं हायड्रोजन लिमिटिंग धरला, मग खोडला, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'नाही, ऑक्सिजन.' निकालानंतर तिला 'बी' बॅचला टाकलं, आणि आठवड्याभरात तिनं क्लासच सोडला. मैत्रिणींना एवढंच माहीत की ती पैठण रोडनं एसटीनं यायची. कुणी म्हणतं चितेगावला उतरायची, कुणी म्हणतं त्याच्याही पुढं. नंबर लागत नाही. बारावीची परीक्षा दिली की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

सर दर गुरुवारी पैठण रोडला जायचे. एका थांब्यावर उतरायचे, कॉलेजच्या पोरी दिसल्या की विचारायचे, "बेटा, आरती नावाची पोरगी माहितीय का? डावखुरी?" दोन-तीन गुरुवार झाल्यावर तिथल्या चार जणांनी त्यांना घेरलं. नाव विचारलं. सरांनी खरं नाव सांगितलं, ते दुसरं कुठलं सांगणार? नईम नावाचा म्हातारा दर गुरुवारी थांब्यावर उभा राहून आरती नावाच्या पोरीची चौकशी करतोय, याचा त्या चौघांनी काय अर्थ लावला, ते मी लिहायची गरज नाही, तुम्हीही याच गावात राहता. सरांनी पिशवीतून रफ कागद काढून दाखवला, मोल समजावून सांगायला लागले. त्यातल्या एकानं कागद हिसकावला आणि फाडला. परत दिसलास तर बघ, म्हणाला. सर दोन तुकडे घेऊन परत आले. मी गेले तेव्हा ते डिंकानं जोडत बसले होते.

"तिचं एकटीचंच ऱ्हायलं गं," म्हणाले. एवढंच. थांब्यावरच्या चौघांबद्दल त्यांनी माझ्यापाशी एक शब्द काढला नाही. ते त्यांनी टपरीवरच्या चहावाल्याला सांगितलं, आणि त्यानं मला.

आता सर पैठण रोडला जात नाहीत. मी जाऊ देत नाही. मी स्वतः जाते, पण मला आठवड्यातून एकच दिवस मिळतो, आणि त्या रस्त्यावर एसट्या खूप आहेत.

म्हणून हे तुमच्यासाठी आहे. होय, तुमच्यासाठी, हे वाचून 'काय भारी माणूस' म्हणत पान उलटणार आहात त्यांच्यासाठी. उलटू नका. तुम्ही पैठण रोडला राहत असाल, तिकडं कामाला जात असाल, त्या एसटीत बसत असाल, तिथल्या शाळा-कॉलेजात शिकवत असाल, तर विचारा. तुमचं नाव विचारून तुम्हाला कुणी घेरणार नसेल, तर तुम्ही दोनदा विचारा. आरती. अठरा-एकोणीस वर्षांची, डावखुरी, गेल्या वर्षी पुंडलिकनगरला क्लासला यायची, अचानक सोडला.

सापडली तर तिला सांगा: तू लिहिलं होतंस तेच बरोबर होतं. आणि ती म्हणाली की आता सांगून काय उपयोग, तर तिथून हलू नका. तिच्या आईबापांना बाहेर बोलवा, आणि त्यांच्यासमोर परत सांगा.